विषाविना धान्यरक्षण

(सरपंच, पंचायत सदस्य, ग्रामसेवक आणि प्राथमिक शिक्षक यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



पीक शेतात उभे असते तोवर त्याच्यावरील कीड आणि रोग यांविषयी आपण सतत जागरूक असतो. परंतु खळ्यावरची रास एकदा घरात आली की, पीक पदरात पडले असे समजून आपण निश्चिंत होतो. वस्तुतः धान्याचा दुसरा प्रवास तेथूनच सुरू होतो. फाल्गुनात घरात आलेली ज्वारी पुढच्या फाल्गुनापर्यंत पुरवायची असते आणि त्या बारा महिन्यांत तिच्यावर नजर ठेवून असलेला वाटेकरी आकाराने तिळाएवढा असतो.

या वाटेकऱ्याच्या भुकेचा थोडा अंदाज घेऊ. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या लुधियाना येथील काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेचा अहवाल 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार कापणीपासून साठवणुकीपर्यंतच्या सर्व टप्प्यांत मिळून तृणधान्यांची 4.65 ते 5.99 टक्के आणि कडधान्यांची 6.36 ते 8.41 टक्के नासाडी होते. ही सारीच नासाडी किडीमुळे होते असे नव्हे. परंतु जो भाग घरात घडतो, तो टाळणे सर्वस्वी आपल्या हाती असते. समजा, एका कुटुंबाने वर्षासाठी सहा क्विंटल ज्वारी ठेवली आणि तिच्यापैकी शंभरात पाच भाग किडीने खाल्ली, तर तीस किलो ज्वारी गेली. पेरणी, राखण, काढणी आणि मळणी हे सारे कष्ट करून झाल्यावर ही ज्वारी जाते, म्हणून ही हानी अधिक लागते.

मी कृषिशास्त्राचा पदवीधर नाही. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जे सिद्ध केले आणि आपल्या घरातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जे सांभाळले, ते एकत्र आणून आपणांपुढे ठेवणे एवढेच माझे काम आहे.

घरात विष नको

किडीवर सोपा उपाय म्हणून अनेक घरांत धान्याच्या पोत्यात विषारी गोळी ठेवली जाते. ही गोळी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतील आणि धान्यातील ओलाव्याशी संयोग होताच तिच्यातून फॉस्फिन हा अतिविषारी वायू बाहेर पडतो. तो कीड मारतो, तसाच त्याच खोलीत झोपलेल्या माणसालाही मारू शकतो. या विषावर नेमका उतारा उपलब्ध नाही. म्हणूनच ही गोळी सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित धुरीकरण व्यावसायिक यांच्यासाठीच राखून ठेवण्यात आली आहे. घरोघरी सहज पोहोचणाऱ्या, दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर केंद्र सरकारने 2001 मध्ये संपूर्ण बंदी घातली.

त्याच वर्षी आणखी एका औषधावर बंदी आली. घरगुती साठवणुकीसाठी ईडीबी नावाच्या द्रव औषधाच्या काचेच्या कुप्या मिळत असत. कुपी फोडून धान्यात ठेवावी, अशी शिफारस एके काळी सर्वत्र केली जात असे. हे द्रव्य आरोग्यास घातक असल्याचे पुढे स्पष्ट झाले आणि ते वापरातून गेले. आज निर्धोक म्हणून घरात आणलेले विष उद्या निर्धोक राहीलच, याची शाश्वती नाही, हा यातील बोध.

शाळेतील मित्रांनी तर एक घटना कायम स्मरणात ठेवावी. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत मध्यान्ह भोजन घेतल्यानंतर 23 बालके दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीतील कीटकनाशक मिसळले गेले होते. अन्न आणि विष एका छताखाली ठेवले की केवळ एका चुकीचे अंतर उरते. शाळेच्या कोठीत पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ असते. तेथे विषाची बाटली, तिचे रिकामे भांडे किंवा गोळी, यांपैकी काहीही असता कामा नये.

शत्रूची ओळख

विष नको म्हटल्यावर दुसरा मार्ग कोणता? त्यासाठी प्रथम शत्रू ओळखला पाहिजे.

तांदूळ, गहू, ज्वारी यांतील सोंडे आपण सर्वांनी पाहिले आहेत. सोंड्याची मादी दाण्याला छिद्र पाडते, आत एक अंडे घालते आणि छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आत वाढते आणि सुमारे महिन्याभराने पूर्ण वाढलेला सोंडा दाणा फोडून बाहेर येतो. एक मादी आपल्या आयुष्यात तीन-चारशे अंडी घालू शकते. म्हणजे आपणांस जे किडे दिसतात, त्यांच्या कितीतरी पट अधिक किडे दाण्यांच्या पोटात दडलेले असतात. चाळणीने केवळ बाहेरचे किडे निघतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मूग, चवळी, हरभरा, तूर यांतील भुंगेऱ्याची रीत निराळी. त्याची मादी दाण्याच्या सालीवर पांढरी अंडी चिकटवते. ही कीड बहुधा शेतातच शेंगांवर लागते आणि धान्याबरोबर घरात येते. म्हणून नवे कडधान्य निर्मळ दिसले तरी ते तसेच भरून ठेवू नये. गव्हाचा शत्रू म्हणजे खपरा. त्याची केसाळ अळी कोठीच्या भेगांत अन्नावाचून कित्येक महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. कोठी रिकामी झाली म्हणजे कीड गेली, असे का म्हणता येत नाही, याचे उत्तर या अळीत आहे.

कीड केवळ धान्य खाऊन थांबत नाही. हजारो किडे श्वास घेऊ लागले की, राशीत उष्णता आणि ओलावा निर्माण होतो. मग बुरशी धरते, दाणे चिकटतात, कुबट वास येतो. बियाणे असेल तर अंकुरच खाल्ला जातो आणि ते पेरून उगवत नाही.

मर्मस्थान : पाणी

आता एका साध्या प्रश्नाचा विचार करू. कोरड्या धान्याच्या राशीत पाणी नसते. मग हे किडे पितात काय? उत्तर असे की, ते दाण्यातील ओलाव्यावर आणि अन्न पचताना शरीरात तयार होणाऱ्या थोड्याशा पाण्यावर जगतात. ते पाणी उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने त्यांच्या अंगावर मेणासारखा पातळ थर दिला आहे. पाणी हेच या किडीचे मर्मस्थान होय. आपले बहुतेक पारंपरिक उपाय नेमके याच मर्मावर आघात करतात.

पहिला आघात धान्य वाळवण्याचा. साठवणुकीच्या वेळी तृणधान्यात ओलावा 12 टक्क्यांहून अधिक असू नये. कडधान्यात तो त्याहूनही थोडा कमी असावा. ओलावा 9 टक्क्यांच्या आसपास उतरला की, सोंड्याचे प्रजनन जवळजवळ थांबते. खपऱ्यासारखी चिवट कीड मात्र याहून कोरड्या धान्यातही तग धरते. ओलावा मोजण्याचे यंत्र प्रत्येकाजवळ नसते. परंतु दाणा दाताखाली धरला असता ‘कट्’ असा आवाज होऊन तुटला पाहिजे, ही जुनी कसोटी आजही उपयोगी आहे. दुसरी कसोटी काचेच्या कोरड्या बाटलीची. बाटलीत धान्य आणि चांगले वाळवलेले मीठ घालून ती काही वेळ हलवावी. मीठ काचेला चिकटले, तर धान्यात 15 टक्क्यांहून अधिक ओलावा आहे असे समजावे आणि धान्याला पुन्हा ऊन द्यावे.

उन्हाचे सामर्थ्य

महाराष्ट्रातील चैत्र-वैशाखाचे ऊन हे या कामी मोठे साधन आहे. सुमारे 50 अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की धान्यातील कीड फार काळ टिकत नाही. 60 अंशांवर ती अगदी थोड्या वेळात मरते. परंतु जाड थरात पसरलेले धान्य वरवरच तापते. धावणारे किडे बाजूला पळून जातात आणि दाण्याच्या आतील अळी सुरक्षित राहते.

यावर एक सोपी युक्ती आहे. अंगणात काळे प्लास्टिक अंथरावे. त्यावर दोन बोटे जाडीचा धान्याचा थर द्यावा. वरून पारदर्शक प्लास्टिक पसरून चारही कडा दगडांनी अथवा मातीने दाबून टाकाव्यात. उन्हाळ्यातील दुपारी या आच्छादनाखाली 60 अंशांहून अधिक उष्णता निर्माण होऊ शकते आणि दाण्याच्या आतील अंडी-अळ्यांसह कीड मरते. मात्र इतक्या उष्णतेने उगवणशक्ती बाधू शकते. यास्तव ही पद्धत खाण्याच्या धान्यासाठीच वापरावी; बियाण्यासाठी साधे ऊन बरे.

वाळवलेले धान्य उन्हातून उचलून तसेच गरम कोठीत ओतू नये. ते सावलीत पूर्ण निववावे. नाही तर कोठीच्या थंड पत्र्यावर आतून दव धरते आणि मिळवलेला कोरडेपणा वाया जातो. धान्य चाळल्यावर निघालेले किडे भिंतीच्या कडेला टाकले तर संध्याकाळपर्यंत ते पुन्हा घरात येतात. ते गरम पाण्यात टाकावेत किंवा कोंबड्यांना घालावेत.

पेवाची विद्या

हवा कोंडणे हा दुसरा उपाय. एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुकाळ झाला की, तिचे पेव फुटले, असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार ज्यावरून आला, ते पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, अरुंद तोंडाचे धान्याचे कोठार. ज्वारी भरून तोंड मातीने बंद केले की, आतील प्राणवायू धान्य आणि किडे यांच्या श्वासोच्छ्वासात हळूहळू संपत जाई. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे याच परंपरेतील. 2005 च्या महापुरात त्यांपैकी अनेक पेवांत पाणी शिरून फार मोठी हानी झाली.

पेवाचे दोषही सांगितले पाहिजेत. जमिनीच्या ओलीने कडेचे धान्य खराब होई, त्याला वास लागे. शिवाय उघडल्याबरोबर पेवात उतरणे प्राणघातक असे, कारण तळाशी प्राणवायू नसून कर्बवायू साचलेला असे. जाणते लोक तोंड बराच काळ उघडे ठेवून प्रथम आत दिवा सोडीत आणि तो विझला तर कोणीही उतरत नसे. आजही बंद कोठारात किंवा मोठ्या टाकीत उतरण्यापूर्वी अशीच, किंबहुना अधिक, खबरदारी घ्यावी.

पेवाचे तत्त्व ठेवून त्याचे दोष काढण्याचे काम विज्ञानाने केले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या पुसा कोठीत कच्च्या विटांच्या दोन भिंती असून त्यांमध्ये प्लास्टिकचा अखंड थर असतो. त्यामुळे ओल आत येत नाही आणि हवाही खेळत नाही. 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतील कॅमेरून देशात चवळीचा भुंगेरा रोखण्यासाठी अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी एक साधी पिशवी विकसित केली. तिच्या आत प्लास्टिकच्या दोन जाड पिशव्या आणि बाहेर विणलेले पोते असते. प्रत्येक थर स्वतंत्रपणे पिळून घट्ट बांधावयाचा, की काम झाले. आतील प्राणवायू उतरला की कीड खाणे थांबवते. पुढील संशोधनात असे दिसले की, हे किडे मुख्यतः तहानेने मरतात. प्राणवायू नसल्याने अन्नापासून पाणी बनवण्याची त्यांची क्रियाच बंद पडते. म्हणजे हा उपायदेखील त्याच मर्मावर बोट ठेवतो.

घरच्या पत्र्याच्या कोठीलाही हे तत्त्व लागू पडते. कोठी काठोकाठ भरावी, म्हणजे आत हवा कमी उरते. झाकणाच्या फटी बुजवाव्यात. महिन्याला लागणारे धान्य वेगळ्या डब्यात काढून घ्यावे आणि मोठी कोठी रोज उघडू नये. एक गोष्ट मात्र विसरू नये : ओले धान्य हवाबंद केले, तर कीड मरेल, पण धान्य कुजेल. आधी वाळवण, मग बंदोबस्त, हाच क्रम.

राख, तेल आणि कडुनिंब

आपल्या आजींनी कडधान्यात गोवऱ्यांची राख मिसळली, तुरीला लाल मातीचा हात दिला, त्यामागेही कारण आहे. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरील मेणाचा थर खरवडतात व शोषून घेतात. त्यामुळे त्याच्या शरीरातील पाणी उडून जाते. शिवाय दाण्यांमधील पोकळी भरल्याने मादीला हिंडता येत नाही. पण चिमूटभर राख टाकून हे घडत नाही. दाण्यांमधील जागा भरून निघेल इतकी, चाळलेली आणि कोरडी राख हवी. ज्यांना राख नको असेल, त्यांनी कडधान्याच्या राशीवर कोरड्या स्वच्छ वाळूचा तीन बोटांचा थर द्यावा. वरून येणाऱ्या भुंगेऱ्याला तो अडवतो.

तेलाचे कार्य वेगळे आहे. किलोला 5 मिलिलिटर, म्हणजे क्विंटलला अर्धा लिटर, या प्रमाणात एरंडेल, शेंगदाणा किंवा अन्य खाद्यतेल कडधान्याला चोळले की, सालीवर चिकटवलेल्या अंड्यांना हवा मिळत नाही आणि ती फुटत नाहीत. दाणा न्‌ दाणा तेलाने माखला गेला पाहिजे. तुरीची डाळ करून ठेवण्याची पद्धतही रक्षणाचीच आहे. भुंगेऱ्याला अंडी घालण्यासाठी अखंड दाणा अधिक पसंत असतो. त्याचप्रमाणे कोकणात भात टरफलासह मुड्यात बांधून ठेवीत. टरफल हे दाण्याचे चिलखतच होय; सडलेल्या तांदळाला कीड लवकर लागते.

कडुनिंबाविषयी थोडे सावधपणे बोलले पाहिजे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान यांनी 1962 मध्ये दाखवून दिले की, निंबोळीच्या गराचा अर्क फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावीत नाहीत. निंबोळीतील अ‍ॅझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीला दूर ठेवते आणि तिची वाढ खुंटवते. त्यामुळे वाळलेला पाला किंवा निंबोळीची भुकटी उपयोगी पडते. परंतु ओलसर धान्यात चार डहाळ्या खोचून कीड थांबेल, ही समजूत खरी नव्हे. हिरवा पाला तर आणखी ओल आणतो. पाला वाळलेला असावा आणि तो वाळवण व स्वच्छता यांच्या जोडीला असावा, त्यांच्या जागी नव्हे.

स्वच्छता आणि पाहणी

नवे धान्य भरण्यापूर्वी जुन्याचा एकही दाणा कोठीत राहू देऊ नये. बळदाच्या, कणगीच्या भेगा शेणामातीने लिंपून पूर्ण सुकू द्याव्यात. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावीत. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचावीत आणि भिंतीपासून दीड-दोन फूट दूर ठेवावीत. पावसाळ्यात दर पंधरवड्याला धान्यात हात घालून पाहावे. हाताला ऊब लागली तर कीड आहे, असे समजावे.

कोइमतूर येथील तमिळनाडू कृषी विद्यापीठाने यासाठी एक साधा सापळा तयार केला आहे. बारीक छिद्रे असलेली एक नळी धान्यात उभी खोचतात. मोकळ्या हवेच्या दिशेने जाणारे किडे छिद्रांतून आत शिरतात, तळाच्या भांड्यात पडतात आणि त्यांना पुन्हा वर चढता येत नाही. कीड डोळ्यांना दिसण्यापूर्वीच तिची वर्दी मिळते आणि अंडी घालण्यापूर्वी पुष्कळ किडे पकडलेही जातात.

हे सर्व उपाय घरच्या, शाळेच्या आणि लहान बीजकोशांच्या साठ्यासाठी आहेत. हजारो पोत्यांच्या गोदामाचे शास्त्र वेगळे आणि तेथे प्रशिक्षित माणसेच हवीत.

पंचायतीने आणि शाळेने काय करावे

आपल्याकडे 1 मे रोजी ग्रामसभा भरते. नेमका तोच काळ धान्याला ऊन देऊन कोठ्या भरण्याचा असतो. त्या सभेत हा विषय अवश्य घ्यावा. गावात सर्वांना वापरता येईल असा वाळवणीचा पक्का ओटा, काळ्या व पारदर्शक प्लास्टिकचे दोन-चार संच आणि वेगवेगळ्या छिद्रांच्या मोठ्या चाळण्या एवढी साधने पुष्कळ घरांना पुरतात. त्यांची देखभाल महिला बचत गटाकडे सोपवावी. धान्याची राखण प्रत्यक्षात स्त्रियाच करतात. मग ग्रामसभेत या विषयावर प्रथम त्यांनाच बोलते केले पाहिजे. प्रतिबंधित गोळ्या गावातील दुकानात कोणी उघडपणे विकत असेल, तर कृषी अधिकाऱ्यांना कळवणे हेही पंचायतीचे काम आहे.

शिक्षकांनी जून-जुलैमध्ये एक प्रयोग करून पाहावा. एकाच पिशवीतील मूग तीन बाटल्यांत भरावेत. पहिल्या बाटलीतील मूग तसेच ठेवावेत, दुसऱ्यातील मुगांना तेल चोळावे, तिसऱ्यात राख मिसळावी. प्रत्येक बाटलीत भुंगेऱ्याच्या काही जोड्या सोडून तोंडाला कापड बांधावे. दोन महिन्यांनी प्रत्येक बाटलीतील शंभर दाणे घेऊन छिद्रे पडलेले दाणे मुलांकडून मोजून घ्यावेत. टक्केवारीचे गणित, कीटकाचे जीवनचक्र आणि अन्नाची किंमत हे तीनही धडे त्यात येतात. प्रयोग संपल्यावर त्या बाटल्यांतील किडे नष्ट करावेत आणि या बाटल्या पोषण आहाराच्या कोठीपासून दूरच ठेवाव्यात.

मित्रहो, यांतील एकाही उपायाला मोठा खर्च लागत नाही. लागते ती वेळच्या वेळी केलेली मेहनत. गोळी टाकून झोपी जाणे सोपे असते, पण तिची किंमत एखाद्या घरातील लेकराने चुकती करावी, हे कोणालाच परवडणारे नाही. पाऊस सुरू होण्यापूर्वी आपल्या गावातील प्रत्येक घरातील धान्याला एकदा कडक ऊन मिळाले आणि कोठीच्या खोलीतून विष बाहेर गेले, तरी या शिबिराचे सार्थक झाले, असे मी समजेन.